मयेकर मॅडम पाणी घेत नाहीत

डॉ. शालिनी मयेकर कुणाच्याही घरी पाणी पीत नसत. रत्नागिरीच्या कुठल्याही गावात गेलं की आधी पायांवर पाणी, मग पुढ्यात तांब्या आणि बशीत गुळाचा खडा, असा रिवाज आहे. मॅडम पाय धूत, गूळ तोंडात टाकत आणि तांब्या हळूच बाजूला सरकवत. "चहा चालेल," म्हणत. चहा आला की तो नीट उकळला होता का, ते विचारत. घरातली बाई हसून "हो" म्हणे. मॅडम चहापेक्षा त्या हसण्याकडे जास्त वेळ बघत.

हे सोवळं नव्हतं. पण ते सोवळंच आहे अशी समजूत जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी होती, आणि काही वाड्यांत पाणी नाकारण्याला जुना, कडू अर्थ आहे हे मॅडमना ठाऊक होतं. तिथे त्या स्वतःची बाटलीही बाहेर काढत नसत. तहानलेल्या परत येत.

सख्ख्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात त्यांनी सोलकढी नाकारली. रत्नागिरीत माणूस इतर पुष्कळ गोष्टी नाकारून निभावून जातो. नणंद भर पंगतीत म्हणाली, "काय वहिनी, आमच्या कढीत किडे पडलेत काय?"

"पडले असले तरी दिसायचे नाहीत. म्हणून नको."

त्या लग्नात कुणालाही काही झालं नाही, असं नणंद पुढे कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत असे. मॅडमचं त्यावर एकच म्हणणं होतं: "प्रत्येकाला विचारलं होतं का?"

त्या आता रत्नागिरीत राहत नाहीत. निवृत्तीनंतर काही काळाने मुलीकडे गेल्या. इथे होत्या तेव्हा शहरातल्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत होत्या, त्याआधी देवरूखला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. त्यांच्या कामाचा विषय एका वाक्यात सांगता येतो: माणसांची आणि जनावरांची विष्ठा पिण्याच्या पाण्यापर्यंत कशी पोचते. हे वाक्य त्या कुठेही याच शब्दांत सांगत, जेवताना विचारलं तरी.

माहेर दाभोळकडचं. वडील बोटीवर होते. घरी सुट्टीवर आले तरी पाण्याचा पेला आधी नाकाशी नेत, मग उजेडाकडे धरत, मग पीत. पेला उजेडाकडे धरायची सवय मॅडमनी उचलली. स्वतः उकळून, गाळून भरलेली बाटलीसुद्धा त्या पिण्याआधी वर धरून बघत. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, मग बघता काय, असं मी एकदा विचारलं.

"दिसत नाहीत हे माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी बघते. गढूळ पाण्यापासून माणूस आपला आपण जपतो. मला नितळ पाण्याची भीती वाटते."

गावांत त्यांचं नाव 'बाटलीवाली' पडलं होतं. खांद्याला बर्फाची पेटी, पेटीत निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटल्या. प्रयोगशाळेची जीप बंद असली की त्या एसटीने जात. लांज्याच्या गाडीत एकदा कंडक्टरने पेटीकडे बोट दाखवलं. "बाई, म्हावरा हाय काय ह्यात? वास मारील हां, आदीच सांगताय."

"म्हावरं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याहून वाईट आहे."

कंडक्टरने त्यांना पुढची सीट रिकामी करून दिली.

त्यांच्या संशयाला कारणं होती, आणि ती त्यांनी कामातूनच गोळा केली होती. सुरुवातीच्या काळात त्या गावाला आधी कळवून जात. एका गावात सरपंच हार घेऊन उभे होते. विहीर झाडून काढलेली, कठड्याला चुना लावलेला. नमुना स्वच्छ निघाला असता, यात शंका नव्हती. मॅडमनी नाक विहिरीकडे नेलं आणि त्या सरळ शेजारच्या घराच्या मागल्या दारी गेल्या. तिथे एक म्हातारी भांडी घासत होती. मॅडमनी पाणी मागितल्यासारखी ओंजळ पुढे केली, तेव्हा म्हातारी म्हणाली, "आज नको पिव हां बाय. पावडर घातलानी बावीत. आमी कालचाच भरून ठेवलाव."

बाव म्हणजे विहीर. पावडर म्हणजे टीसीएल, जंतू मारण्यासाठी पाण्यात टाकतात ती. ती रोज टाकायची असते. त्या गावात ती मॅडम यायच्या असल्या की टाकत.

"ही रोज घाला," मॅडम सरपंचांना म्हणाल्या. "मी येणार म्हणून घालू नका."

सरपंच दुखावले. "मॅडम, तुमच्यासाठी तर एवढी घातली!"

त्यानंतर मॅडमनी कळवणं बंद केलं. कुठे जायचं हे जीप चालवणाऱ्या पराडकरांनाही सांगत नसत. पराडकर प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, तोंडाने सैल. "फाटा आला की मॅडम बोलतात, डावीकडे. तवर मी पण पाहुणाच," असं ते सांगत. कुणाकुणाला मात्र ही लपवाछपवी वेगळीच वाटली. मॅडमचं पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्याशी साटंलोटं आहे, म्हणून त्या प्रत्येक गावाचं पाणी खराब ठरवतात, अशी कुजबुज आमच्या दैनिकाच्या कचेरीपर्यंत आली. तिची चौकशी झाली. काही आढळलं नाही. त्यांच्या घरी तसलं यंत्रही नव्हतं. गॅसवर मोठं पातेलं होतं आणि त्याचा तळ चुन्याने पांढरा झाला होता.

दुसऱ्यांवर संशय घेणारी माणसं बहुधा स्वतःला त्यातून वगळतात. मॅडम वगळत नसत. पेटीत नेहमी एक जादा बाटली असे. तीत प्रयोगशाळेतलंच निर्जंतुक पाणी भरलेलं असे. विहिरीवर गेल्यावर इतर बाटल्यांबरोबर तिचंही झाकण उघडायचं, तसंच लावायचं, आणि परत आल्यावर तिचीही तपासणी करायची. तिच्यात जंतू निघाले तर दोष विहिरीचा नाही; आपल्या हाताचा, पेटीचा किंवा बर्फाचा. "ही माझ्यावर लक्ष ठेवायला आहे," असं त्या सांगत. एकदा तीत जंतू निघाले. त्याच दिवशीचे नमुने एका मोठ्या तक्रारीतले होते आणि सगळे खराब निघाले होते, म्हणजे तक्रार खरी ठरत होती. पराडकर म्हणाले, "मॅडम, ही एक बाटली आपण नेलीच नव्हती असं समजू या." मॅडमनी त्या दिवशीचे सगळे नमुने ओतून दिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पुन्हा गेल्या. पराडकरांनी त्या दिवशी गाडीत रेडिओ लावला नाही.

वर्तमानपत्रावर त्यांचा विश्वास बेताचा होता. बातमीसाठी फोन केला की उलट विचारत, "तुम्हाला हे कुणी सांगितलं? त्यांना काय हवं होतं?" नमुन्याबद्दलही त्यांचे प्रश्न याच जातीचे असत: कुणी घेतला, कुठून घेतला, झाकण कुणी उघडलं. 'अमुक गावचं पाणी शुद्ध' असं छापायला त्यांची सक्त मनाई होती.

"असं लिहा," त्या फोनवर सांगत, "त्या दिवशी, त्या बाटलीत, आम्हाला जंतू आढळले नाहीत."

"मॅडम, एवढं मथळ्यात बसत नाही."

"मग मथळा देऊ नका."

हा काटेकोरपणा एका बाईला फार जड गेला. ती गोष्ट लांज्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका वाडीतली आहे. वाडीचं नाव देत नाही, कारण तिथली माणसं आजही त्याच बावीचं पाणी पितात.

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परत गेले, आणि काही आठवड्यांनी वाडीत कावीळ सुरू झाली. आधी पोरं, मग मोठी माणसं. मॅडमनी बावीचा नमुना नेला. अहवाल आला: पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत. कुणाच्या विष्ठेतले, ते अहवालात नव्हतं. ती तपासणी ते सांगत नाही. पण बावीच्या वरच्या अंगाला सुमनकाकीचा गोठा होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

सुमनकाकी विधवा. दोन म्हशी होत्या, त्यांचं दूध वाडीत जाई, त्यावर तिचं चाले. गावकी, म्हणजे वाडीतल्या जाणत्यांची बैठक, बसली. गुरवाने देवीला कौल लावला. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली. दिवाळीपर्यंत गोठा हलवायचा, असं ठरलं. हलवायला तिच्याकडे दुसरी जागा नव्हती. गोठा जाणं म्हणजे म्हशी विकणं. तोवर तिचं दूध कुणी घ्यायचं नाही आणि तिने बावीवर सगळ्यांच्या मागून यायचं, हेही ठरलं. 'वाळीत' हा शब्द बैठकीत कुणी उच्चारला नाही. तो कायद्यात बसत नाही.

सुमनकाकीचा भाऊ लांज्यात दुकानात कामाला होता. त्याच्याकडून ही गोष्ट आमच्याकडे आली आणि विचारणा करायला फोन केला तेव्हा मॅडमना कळली.

"मी गोठ्याचं नाव लिहिलं नव्हतं."

"नाही, नव्हतं."

"पण जागा कोरी सोडली होती," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जीप वाडीकडे निघाली. बातमीदार म्हणून मीही मागच्या सीटवर होतो. त्या दिवशी पराडकरांना कुठे जायचं ते आधी सांगितलं गेलं. असं प्रथमच घडत होतं.

सुमनकाकी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, शेण सारवत होती. उठली नाही. "आलात? तुमच्याच कागदानं माजी म्हस बाटवलान."

"कागदावर म्हैस नव्हती," मॅडम म्हणाल्या.

"मंग तसा लिवायचा व्हता. म्हस न्हाय म्हनून."

मॅडमनी गोठा बघितला, मुताचा पाट कुठे जातो ते बघितलं, बावीपर्यंतचा उतार चालून बघितला. मग देवळाकडे गेल्या. गुरव ओट्यावर बसले होते.

"गुरवकाका, देवीला काय विचारलंत? नेमके शब्द सांगा."

"इचारला, सुमनचा गोठा हलवायचा काय? उजवी दिलान."

"पाणी कशानं बिघडलं, ते विचारलंत?"

गुरवांनी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "त्ये कसा इचारनार? देवी होय-न्हाय सांगते. नाव थोडाच सांगते?"

"माझी बाटलीही तशीच आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "जेवढं विचारलं, तेवढंच सांगते."

गुरवांना हे पटलं. पुढच्या सगळ्या प्रकारात ते मॅडमच्या विरोधात गेले नाहीत, त्याचं मूळ या संभाषणात असावं.

गावकीचे मानकरी भिकाजी गावकर. वयस्कर, बोलणं आदबशीर. त्यांनी मॅडमना देवळामागचं नवं सभागृह दाखवायला नेलं. त्याला लागून ओळीने शौचालयं होती. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने बांधून दिलेली, गणपतीत आणि शिमग्यात येणाऱ्या माणसांची सोय म्हणून. स्वच्छ होती, फरशा बसवलेल्या. मागे टाकी.

"बघा मॅडम," गावकर म्हणाले, "गनपतीला येवडी मानसा येतात, पन टाकी कंदी भरली न्हाय. येक डाव उपसाय लागली न्हाय. पोरांनी काम कसा केलानी बघा."

मॅडम थांबल्या. "कधीच नाही?"

"कंदीच न्हाय!"

"तळ कसला आहे?"

"तळ कनाला पायजेल? कातळच हाय खाली. जिरताय सगळा."

ही चूक कोकणातच होऊ शकते. जांभा दगड वरून भिंतीसारखा भक्कम दिसतो, आतून तो मधाच्या पोळ्यासारखा पोकळ असतो. घाण त्यात जिरत नाही, चालू लागते. आणि देवळामागचा कातळ गोठ्यापेक्षा उंचावर होता. फक्त तो बावीवरून दिसत नव्हता.

परतताना मॅडम जीपमध्ये म्हणाल्या, "गोठा बारा महिने तिथेच असतो. मग दुखणं गणपतीनंतरच का?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "हा माझा अंदाज आहे. छापू नका."

छापलं नाही. त्यानंतर त्या पुन्हा वाडीत गेल्या त्या दोन रंग घेऊन, एक लाल, एक हिरवा. पाण्याचा माग काढायला वापरतात ते, पिणाऱ्याला अपाय न करणारे. तरी वाडीला आदल्या दिवशी पाणी भरून ठेवायला सांगितलं होतं. दिवाळीची सुट्टी लागली होती, म्हणून मंडळाचे सचिव विलास हेही मुंबईहून आलेले होते. गोठ्याच्या पाटात लाल रंग ओतायचा, टाकीत हिरवा, आणि दोन्हीवर भरपूर पाणी सोडायचं. बावीत कुठला येतो ते बघायचं. ओतायचं कुणी, यावर मॅडमनी आधीच विचार केलेला होता.

"गोठ्यात गावकर ओततील. टाकीत सुमनताई ओततील. ज्याचा जिथे संशय, त्याच्या हातात तिथला रंग."

"आनि तुमी?" गावकरांनी विचारलं.

"मी बावीजवळ येणारच नाही. उद्या म्हणाल, बाईनंच ओतलान."

हसू उसळलं. विलास हसले नाहीत. मॅडम खरोखरच देवळाच्या ओट्यावर, बावीकडे पाठ करून बसल्या. बावीवर गुरव आणि वाडीतल्या काही बायका. सकाळ गेली. बायका कंटाळून आपसात बोलू लागल्या. उन्हं कलायला लागली तेव्हा गुरवांचा आवाज आला.

"मॅडम! रंग इला बघा!"

मॅडम उठल्या नाहीत. "कुठला, ते आधी गावकरांना सांगू द्या."

गावकर कठड्यावरून वाकले. बावीच्या वरच्या अंगाच्या दगडांतल्या फटीतून पाण्यात हिरवट धूर पसरत होता, चहात दूध पसरावं तसा. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हिरवा."

सुमनकाकी त्यांच्या मागेच उभी होती. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती बावीकडे नाही, बायकांच्या तोंडांकडे बघत होती.

विलास म्हणाले, "कातळ आहे मॅडम. कुठलापण रंग कुठूनपण येणार."

"म्हणून तर दोन आणले," मॅडम ओट्यावरूनच म्हणाल्या.

लाल रंगाची वाट पुढे बरेच दिवस पाहिली गेली. गुरव रोज फोन करून कळवत. लाल आला नाही. मंडळाने टाकीला पक्का तळ घालायचं मान्य केलं. विलास यांनी ते चांगल्या मनाने केलं, हे नोंदवलं पाहिजे. गोठा हलवायचा ठराव मागे पडला. मागे घेतला असं कुणी म्हटलं नाही, पण दिवाळी झाली आणि गोठा जागेवर होता. गोष्ट इथे संपायला हवी होती.

संपली नाही, कारण सुमनकाकीने मॅडमकडे एक वाक्य मागितलं. ती प्रयोगशाळेत आली होती, एसटीने, दुधाची रिकामी किटली पिशवीत घालून. परतताना लांज्याला भावाकडे जायचं होतं. "मॅडम, येवडा लिवून द्या, सुमनच्या गोठ्यानं बाव बिघडत न्हाय. बाकी कायव नको."

"तसं मला लिहिता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"का? लाल आला न्हाय ना?"

"त्या दिवसांत आला नाही. एवढंच मला माहीत आहे. पावसाळ्यात येईल की नाही, ते मी पाहिलेलं नाही."

पराडकर म्हणाले, "मॅडम, पावसात चार थेंब कुठून तरी येणारच. लिहून टाका." मॅडमनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी जे पाहिलं तेवढं लिहून दिलं. सुमनकाकीने ते न वाचताच घडी करून ठेवलं.

त्यात आमच्या दैनिकाची भर पडली. बातमी दिली होती ती मोजक्या शब्दांत. डेस्कवर तिला मथळा मिळाला: 'गोठा निर्दोष'. सकाळीच मॅडमचा फोन आला. हे आपण म्हटलेलं नाही, दुरुस्ती छापा. दुरुस्ती छापली. वाडीत मूळ बातमी दोन-चार जणांनी वाचली होती. दुरुस्ती सगळ्यांनी वाचली. बावीवर बायका म्हणत, "मॅडमनी लिवलानी काय, गोठा चांगला म्हनून? न्हाय ना? उलट नको म्हनून छापलानी." ठराव गेला आणि संशय राहिला. दूध कुणी घेत नव्हतं ते नव्हतंच. सुमनकाकी ते लांज्याला भावाच्या ओळखीने हॉटेलात घालू लागली. पुढे एक म्हैस विकली.

हे मॅडमना कळत होतं. त्याबद्दल त्या बोलल्याचं आठवत नाही. एकदाच, दुसऱ्याच कामाच्या फोनवर, मध्येच म्हणाल्या, "खोटं लिहिता येत नाही आणि खरं पुरत नाही. मग काय करतात तुमच्या धंद्यात?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी पुढचं विचारलं.

पुढच्या गणपतीला त्या निवृत्त झालेल्या होत्या. गौरी आणायच्या दिवशी सकाळी लांज्याच्या एसटी स्टँडवर दिसल्या, खांद्याला तीच पेटी. पेटी आता त्यांची स्वतःची होती, बाटल्या प्रयोगशाळेने उकळून दिल्या होत्या. "वाडीत चालले आहे. यायचं तर या. बातमी नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवसाची निवड कशी केली होती, ते तिथे पोचल्यावर लक्षात आलं. गौर पाणवठ्यावरून आणतात. वाडीतली प्रत्येक सून, प्रत्येक माहेरवाशीण, मुंबईहून आलेल्या बायका, सगळ्या नटून बावीवर जातात आणि तेरड्याच्या रोपांची गौर घेऊन परत येतात. बावीवरून यायची वाट सुमनकाकीच्या खळ्याला लागून आहे.

मॅडम खळ्यात, वाटेकडे तोंड करून बसल्या. सुमनकाकीला त्या आल्याचं फारसं कौतुक वाटलेलं दिसलं नाही. तरी दारात आलेलं माणूस. तिने पायांवर पाणी घातलं, गूळ आणला, तांब्या आणला. "घ्या. उकळून गार केलाय. म्हायत हाय मना, तुमाला तसाच लागतो."

"हे नको," मॅडम म्हणाल्या.

सुमनकाकीचा चेहरा उतरला.

"हंड्यातलं आणा. बावीतून भरलेलं, तसंच."

सुमनकाकी जागची हलली नाही. "तसाच?"

"तसंच. आणि मोठ्या तांब्यात आणा."

वाटेवर गाण्याचा आवाज जवळ आला होता. बायका वळणावर दिसू लागल्या. सुमनकाकीने तांब्या भरून आणला. मॅडम उभ्या राहिल्या, तांब्या तोंडाला लावला आणि प्यायल्या. उजेडाकडे धरला नाही. पहिल्या बायका खळ्यापाशी आल्या तेव्हा गाणं थांबलं होतं. मॅडमनी रिकामा तांब्या पुढे केला आणि जरा मोठ्याने म्हणाल्या, "सुमनताई, ताक असेल तर तेही द्या."

ताक आलं. तेही संपवलं. बायका उभ्या होत्या. जिल्हाभर पाणी नाकारत फिरलेली बाटलीवाली कोण, हे मुंबईच्या बायकांच्या कानात सांगितलं जात होतं. मग गौर पुढे गेली, गाणं पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने भिकाजी गावकरांची सून एकटीच परत आली. तिच्या हातात बरणी होती.

"काकी, दूध हाय काय? घरात चाकरमानी भरल्येत, चायला पुरत न्हाय."

"हाय," सुमनकाकी म्हणाली आणि आत गेली. बरणी भरून आणायला तिला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला. एवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून काय झालं, ते खात्रीने सांगता येत नाही.

परतताना मॅडम बावीकडे वळल्या. पेटी उघडली, हात पुसले, एक बाटली भरली. मग ती जादा बाटली काढली, तिचं झाकण उघडलं, लावलं.

"आत्ताच तर प्यायलात. मग हे कशाला?"

"पाणी प्यायले ते वाडीसाठी. ही बाटली माझ्यासाठी." झाकण त्यांनी पुन्हा एकदा घट्ट केलं. "पावसाळा आहे. या दिवसांतलं मी पाहिलेलं नव्हतं."

त्या बाटलीचं त्यांनी नंतर फोनवर कळवलं, नेहमीच्याच वाक्यात: त्या दिवशी, त्या बाटलीत, जंतू आढळले नाहीत. पण ते नंतर. रस्त्यावर एसटीची वाट बघताना त्यांना तेही माहीत नव्हतं.

"बाटलीचं उद्या कळेल," त्या म्हणाल्या.

"आणि तुमचं?"

"कावीळ सावकाश येते. माझं कळायला महिना जाईल."

हे त्यांनी एरवीच्याच आवाजात सांगितलं. एसटी आली. चाकरमान्यांनी भरलेली. कंडक्टरने पेटीकडे बघून नाक मुरडलं. "म्हावरा काय वो बाई? आज सनाचा दिवस, बाटवाल गाडी."

मॅडमनी या वेळी उत्तर दिलं नाही. कुणीतरी उठून त्यांना खिडकीशी जागा दिली. गाडी सुटली तेव्हा पेटी त्यांच्या मांडीवर होती, आणि शेजारच्या बाईकडे संशयाने बघत त्यांनी दोन्ही हात झाकणावर ठेवले होते.